'वरून बंद आहे'

गेल्या वर्षीची गोष्ट. एका शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी तीनच्या सुमारास बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातली एक विद्यार्थिनी प्राध्यापक-कक्षाच्या दारात येऊन उभी राहिली. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ती रोज बसने ये-जा करते. सकाळपासून ती कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून होती. नाव भरले, गुण भरले, उत्पन्नाचा दाखला जोडला. पण शेवटचे बटण दाबले की पडदा पांढरा होई. दुकानदाराने मदतीच्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडून उत्तर आले, "वरून बंद आहे."

मी तिला मदत करायची सोडून उपदेश केला. म्हणालो, "शेवटच्या दिवसापर्यंत थांबलीसच कशाला?" ती हळूच म्हणाली, "सर, दाखला कालच हातात आला." मग थोडे थांबून तिने विचारले, "पण सर, वरून म्हणजे कुठून?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. गेली बावीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवतो. काचेच्या तंतूतून प्रकाश कसा जातो, पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावून देतो. पण तो तंतू कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही आणि मलाही तो कधी पडला नव्हता. शेजारी बसलेले कन्नड विभागाचे सहकारी हसून म्हणाले, "आमच्या पोरांनाही हेच सांगतात, म्यालिंद बंद आगैती!" दोन्ही भाषांतला हा 'वरचा' कोण, याचा शोध घेण्याचे मी त्या दिवशी ठरवले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

वर काहीच नाही

इंटरनेट आकाशातून येते अशी सर्वसामान्य समजूत आहे. 'क्लाऊड' या शब्दाने ती अधिकच पक्की केली. वस्तुतः खंडाखंडांमधली माहितीची जवळजवळ सगळी ये-जा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून होते. उपग्रहांच्या वाट्याला तिचा अगदी थोडा भाग येतो. बेळगावातून एखाद्याने परदेशी पत्र पाठवले, तर ते मोबाईलपासून मनोऱ्यापर्यंत काय ते हवेतून जाते. तिथून पुढे जमिनीत पुरलेल्या तंतूंतून मुंबईकडे वा चेन्नईकडे आणि तिथून समुद्रात, असा त्याचा प्रवास असतो.

खोल समुद्रातली ही केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. आत केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात आणि त्यांतून प्रकाश धावतो. दूर जाता जाता तो क्षीण होतो, म्हणून साधारण ६० ते १०० किलोमीटरवर तो पुन्हा तेजस्वी करणारे यंत्र बसवावे लागते. या यंत्रांना लागणारी वीज किनाऱ्यावरून, त्याच केबलमधल्या तांब्यातून पुरवतात. केबल जिथे जमिनीवर येते ते ठाणे म्हणजे देशाचा दरवाजाच होय. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली दिलेल्या माहितीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतात अशी १४ ठाणी आणि त्यांवर उतरणाऱ्या १७ आंतरराष्ट्रीय केबली होत्या. आणि ही सर्व ठाणी मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन व तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत होती. एवढ्या मोठ्या देशाची ही इतकी मोजकी दारे!

तेव्हा 'वरून' म्हणजे बऱ्याचदा खालून, हा या धड्याचा पहिला निष्कर्ष.

नियम सर्वांचे, रस्ता कुणाचा?

इंटरनेटचे नियम मात्र कुणा एकाचे नाहीत. एका संगणकाने दुसऱ्याशी कसे बोलावे, याची रीत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडली. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेच्या अर्पानेट या जाळ्याने ती स्वीकारली. ही रीत वापरायला परवाना लागत नाही आणि शुल्कही पडत नाही. आपल्या लिपींचेही तसेच आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तिच्यातच देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना जागा मिळाली. म्हणून या अंकाचे मराठी आणि कन्नड हे दोन्ही विभाग आज एकाच तारेवरून सुखाने जाऊ शकतात.

हे सारे सार्वजनिक पैशातून उभे राहिले, हेही लक्षात घेतले पाहिजे. अर्पानेट १९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चाने सुरू झाले. पुढे तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विद्यापीठांना जोडणारा मुख्य कणा उभारला. आपल्याकडेही इंटरनेटचा प्रवेश शिक्षणसंस्थांच्या दारातूनच झाला. १९८६ साली केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने 'अर्नेट' सुरू झाले. आय.आय.टी. संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी हे त्याचे पहिले घटक होत.

१९९५ हे वर्ष विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी ३० एप्रिलला अमेरिकेतला तो सार्वजनिक कणा बंद झाला आणि त्याची जागा खाजगी कंपन्यांच्या जाळ्यांनी घेतली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे आपण रस्त्यावर पाऊल ठेवले, त्याच सुमारास रस्त्याचा मालक बदलत होता.

तारेचा जुना धडा

मालकीचा हा प्रश्न नवा आहे असे मात्र नाही. तो प्रथम तारायंत्राच्या काळात, आणि तोही मुंबईच्याच समुद्रात उपस्थित झाला.

१८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली. पुढे ती सुएझला जोडली गेली. हा उद्योग जॉन पेंडर या मँचेस्टरच्या कापड-व्यापाऱ्याने उभारलेल्या कंपनीचा होता. १८७२ साली पेंडरने आपल्या अनेक कंपन्या एकत्र करून ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी स्थापन केली. इंग्लंडपासून पूर्वेकडे जाणाऱ्या समुद्री तारांवर पुढे कित्येक दशके हिचेच वर्चस्व होते. एका शब्दाला किती पैसे घ्यायचे, हे ती ठरवी. व्यापाऱ्याचा भाव, वर्तमानपत्राची बातमी आणि सरकारचा हुकूम या तिन्हींना तिच्याच तारेतून जावे लागे.

या मक्तेदारीवर उपाय सापडले ते दोन.

पहिला उपाय सार्वजनिक मालकीचा. कॅनडाचे अभियंते सँडफर्ड फ्लेमिंग यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने असा आग्रह धरला की, पॅसिफिक महासागरातून एक तार सरकारांनी स्वतः टाकावी. पेंडरच्या गटाने कसून विरोध केला. तरीही ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सरकारांच्या भागीदारीने ती तार १९०२ साली पूर्ण झाली. गंमत अशी की, ती येणार याची चाहूल लागताच ईस्टर्न कंपनीचे ऑस्ट्रेलियाचे दर खाली येऊ लागले.

दुसरा उपाय नव्या तंत्राचा, म्हणजे बिनतारीचा. १९२७ साली पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथील केंद्रांवरून भारत व इंग्लंड यांच्यात बिनतारी सेवा सुरू झाली. ती तारेपेक्षा स्वस्त होती, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे वळले. तेव्हा तारकंपन्यांनी काय केले? १९२९ साली साम्राज्यातल्या तारा आणि बिनतारी एकाच कंपनीखाली आणण्यात आल्या. भारतातही १९३२ साली दोन्ही एकत्र झाल्या. स्पर्धक आला, दर उतरले आणि मग स्पर्धकच घरात घेतला गेला! केवळ नव्या यंत्राच्या भरवशावर मक्तेदारी मोडत नाही, हा यातला बोध. आज उपग्रहांकडे मोठ्या आशेने पाहिले जाते. पण उपग्रहांची सर्वांत मोठी माळ आज एकाच खाजगी कंपनीच्या हाती आहे, हे विसरता येत नाही.

मुंबईचा दरवाजा

स्वातंत्र्याच्या वर्षी, १ जानेवारी १९४७ रोजी, ही परदेशी दळणवळणाची व्यवस्था सरकारने आपल्याकडे घेतली. तिच्यातूनच १९८६ साली विदेश संचार निगम निर्माण झाला. २००२ साली निगमचे २५ टक्के भाग आणि व्यवस्थापन टाटा समूहाकडे गेले. सरकारचा उरलेला हिस्साही मार्च २०२१ मध्ये विकला गेला.

यात एक पेच होता. परदेशी दळणवळणाची मक्तेदारी २००२ साली संपली आणि इतर कंपन्या मैदानात उतरल्या. पण केबल उतरण्याची जुनी ठाणी निगमच्या वारसाकडेच राहिली. समुद्रातल्या केबलमध्ये तुमचा वाटा असला, तरी ठाण्यातून आपल्या जाळ्यापर्यंत येण्यासाठी ठाण्याच्या मालकाला शुल्क द्यावे लागे. आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना हे लगेच कळेल. ऊस शेतकऱ्याचा, गाडी शेतकऱ्याची, पण वजनाचा काटा कारखान्याचा. आणि काटा ज्याचा, त्याचे वजन खरे.

नियामक प्राधिकरणाने २००७ साली नियम केला की, ठाणे ही अत्यावश्यक सुविधा असून मालकाने तिच्यात इतरांना प्रवेश दिला पाहिजे. २०१२ साली त्याचे दरही ठरवून दिले. प्रकरण न्यायालयात गेले. प्राधिकरणाला असे दर ठरवण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते २०१८ साली. दरवाजाच्या भाड्याचा प्रश्न सुटायला एवढी वर्षे लागली! वाटेत आलेली प्रत्येक दिरंगाई शेवटी कुणाच्या तरी बिलात उतरते, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

नवे मालक

जुन्या कंपन्या केबल टाकत आणि ती सर्वांना भाड्याने देत; आत कुणाचे काय चालले आहे याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नसे. गेल्या पंधरा वर्षांत हे चित्र पालटले. २०१२ पूर्वी आंतरराष्ट्रीय केबलींच्या वापरात गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांचा वाटा १० टक्क्यांहून कमी होता. आता तो सुमारे दोन-तृतीयांशाच्या घरात गेला आहे. आणि त्या आता केवळ भाडेकरू राहिलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचपासून स्पेनमधल्या बिल्बाओपर्यंतची सुमारे ६,६०० किलोमीटरची 'मारेआ' केबल २०१७ साली पुरी झाली. तिच्या मालकांत मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुक आहेत. आफ्रिकेला वेढा घालणारी '२आफ्रिका' ही मेटाच्या पुढाकारातली केबल सुमारे ४५,००० किलोमीटरची असून तिची एक शाखा भारतासाठी योजलेली आहे. गूगलने २०२१ साली जाहीर केलेल्या भारत-युरोप केबलच्या भारताकडच्या भागाला तर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव दिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटाने पाच खंडांना जोडणारी, ५०,००० किलोमीटरहून लांब केबल योजल्याचे जाहीर केले. तिच्याही वाटेत भारत आहे.

आता साखळी पाहा. समुद्रातली केबल त्यांची. केबलच्या टोकाला असलेले माहितीचे कोठार, म्हणजे डेटा सेंटर, त्यांचे. कोठारातली जागा इतर कंपन्यांना भाड्याने देणारेही तेच. जगातल्या अशा भाड्याच्या व्यवसायाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिघांकडे आहे. शिवाय आपल्या हातातल्या फोनवरची निरोपाची, नकाशाची, चित्रफितीची दुकानेही बहुतेक यांचीच. रस्ता, गोदाम आणि दुकान एकाच्याच मालकीचे झाले, की शेजारच्या छोट्या दुकानदाराचा माल कोणत्या भावाने आणि किती वेळात पोहोचेल, हे ठरवण्याची ताकद त्या एकाच्या हाती येते. ती ताकद तो आज वापरतो की नाही, हा पुढचा प्रश्न.

एक चूक किती दूर पोहोचते, याची दोन उदाहरणे देतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ही तिन्ही एकदम बंद पडली. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीची केंद्रे एकमेकांपासून तुटली आणि आपला पत्ता जगाला सांगण्याचेही थांबली. कंपनीची स्वतःची दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर असल्यामुळे दुरुस्तीला सुमारे सहा तास लागले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या अॅमेझॉनच्या केंद्रात पत्त्यांच्या नोंदवहीतली एक नोंद कोरी राहिली. त्यामुळे जगभरातल्या असंख्य सेवा कित्येक तास अडल्या. ब्रिटनमधल्या काही बँकांच्या ग्राहकांनाही त्याचा फटका बसला. बँक ब्रिटनमध्ये आणि कळ व्हर्जिनियात!

आमच्या विद्यार्थिनीचा अर्ज ज्या संस्थेकडे जायचा होता, तिचेही संगणक स्वतःचे नव्हते. कंत्राटदाराने ते दुसऱ्याकडून भाड्याने घेतले होते आणि त्या दुसऱ्याकडे त्या दिवशी बिघाड झाला होता, असे मागाहून कळले. मदतीच्या क्रमांकावरच्या माणसाने खोटे सांगितले नव्हते. त्याच्याही वर कुणी होते आणि त्याला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

दुसरी बाजू

एकच बाजू मांडणे अभ्यासकाला शोभत नाही. या कंपन्यांनी अफाट पैसा ओतला, म्हणून क्षमता वाढली आणि माहिती पाठवण्याचा खर्च उतरला. केबल एकाहून अधिक असणे सर्वांच्याच हिताचे असते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट अनेक दिवस रखडले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबली तुटल्या, तेव्हाही भारताला झळ बसली. अशा वेळी दुसरी वाट लागतेच, मग ती कुणीही बांधलेली असो.

शिवाय सरकारच्या हाती कळ गेली म्हणजे ती जनतेच्या हाती आली, असेही समजू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद करण्यात आले आणि वेगवान मोबाईल सेवा पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२० मध्ये सांगावे लागले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, मालक खाजगी असो की सरकारी, त्याच्या सद्भावनेवर विसंबून राहू नये. त्याला बांधणारा नियम असावा आणि तो नियम लोकांना वाचता यावा.

आपण काय करू शकतो?

सामान्य माणूस यात काही करू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. २०१५ साली फेसबुकने भारतात काही निवडक संकेतस्थळे फुकट देण्याची योजना आणली. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. फुकट कोणते आणि पैशाचे कोणते, हे कंपनीच्या चौकटीत ठरणार होते. त्याच वर्षी नियामक प्राधिकरणाने इंटरनेटच्या समान वागणुकीबद्दल लोकांची मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम केला की, माहिती कोणती आहे हे पाहून वेगवेगळा दर लावता येणार नाही. फुकट मिळणारी वस्तू एवढ्या लोकांनी विचारपूर्वक नाकारली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्राधिकरण आजही असे मसुदे प्रसिद्ध करून लोकांची मते मागवते. आपल्या कॉलेजातून आजवर एकही मत गेलेले नाही, निदान माझ्या माहितीत तरी नाही. पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विभागांनी मिळून वर्षातून एक मसुदा वाचला आणि मराठी, कन्नड दोन्ही भाषांत त्याची चर्चा केली, तर तो अभ्यासक्रमाबाहेरचा उत्तम अभ्यास ठरेल.

दुसरे, देशातली माहिती देशातच फिरावी यासाठी २००३ साली 'निक्सी' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्यापूर्वी एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाचे पत्र दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाला परदेशाला वळसा घालून जाई. विद्यापीठांना जोडणारे राष्ट्रीय ज्ञान जाळेही २०१० पासून उभे आहे. अशा सामाईक व्यवस्थांचे महत्त्व संगणकाच्या विद्यार्थ्यांनी तरी जाणले पाहिजे. उद्या त्या चालवणारे तेच असणार.

तिसरे अगदी घरचे. जो अर्ज, जी परीक्षा, जी फी केवळ एकाच वाटेने भरता येते, तिथे दुसरी वाट मागितली पाहिजे. सेवा बंद पडली तर मुदत आपोआप वाढेल, असे एक वाक्य नियमावलीत असते तर गेल्या वर्षी पुष्कळ काही वाचले असते. तसा अर्ज मी आमच्या प्राचार्यांमार्फत संबंधित कार्यालयाला केला आहे. तो कागदावर लिहून टपालाने पाठवला, हे मुद्दाम सांगतो.

असो. त्या विद्यार्थिनीला मुदतवाढ मिळाली नाही. तिची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. कॉलेजच्या गरीब विद्यार्थी निधीतून फी भरली म्हणून ती आज दुसऱ्या वर्षात आहे. परवा प्रयोगशाळेत ती काचेच्या तंतूचा प्रयोग करीत होती. एका टोकाला लाल प्रकाश सोडला, तो वाकड्या तंतूतून जाऊन दुसऱ्या टोकाला उजळला. वहीत आकृती काढून झाल्यावर तिने मला विचारले, "सर, मालकाचे नाव कुठे लिहायचे?"

तिने ते थट्टेने विचारले असावे. पण यंदापासून हा धडा शिकवताना फळ्यावरच्या आकृतीखाली तेवढी एक ओळ मी मोकळी सोडतो.